हळदीच्या गोदामात मैफल: जागा बघण्यापासून झाडून परत देईपर्यंत

सांगलीत गाण्याला जागा नाही असं कुणी म्हणू नये. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे पहिलं मराठी नाटक उभं केलं, त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर गावात आहे, मिरजेला बालगंधर्वांच्या नावाचं आहे. पण दीड-दोनशे रसिकांची बैठकीची मैफल मोठ्या नाट्यगृहात नेली की निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतात आणि गवई श्रोत्यांपासून लांब पडतो. मंगल कार्यालयं लग्नसराईत मिळत नाहीत. म्हणून गेल्या काही वर्षांत अनेकांची नजर जुन्या गोदामांकडे, बंद पडलेल्या कारखान्यांच्या शेडकडे वळते. मुंबईत हे आधीच होऊन गेलंय. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात 2007 मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ हे गाणं ऐकायचं ठिकाण सुरू झालं, 2016 मध्ये बंदही झालं, पण गिरणीत गाणं ऐकायला जायची सवय लावून गेलं. आपल्याकडे गिरण्यांपेक्षा गोदामं जास्त, आणि त्यांच्या खोडीही वेगळ्या.

माल कोरडा राहावा म्हणून ही इमारत बांधलेली असते. आवाजाचा विचार कुणी केलेला नसतो, माणसांच्या गर्दीचाही नाही. त्यामुळे खर्चाचा क्रम ठरवून घ्या: आधी माणसं बाहेर पडायच्या वाटा, मग कापड आणि बैठक, आणि उरलेल्या पैशांत स्पीकर. बहुतेक संयोजक हा क्रम नेमका उलटा लावतात.

कधी करायची

नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीपासून नव्या हळदीची आवक सुरू होते, मग मालकाला तुमच्या षड्जाशी काही देणंघेणं नसतं, त्याला प्रत्येक फूट जागा पोत्यांसाठी लागते. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला पत्रा रात्री नऊपर्यंत डोक्यावर उष्णता टाकत राहतो. पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की ख्याल सोडाच, निवेदनही ऐकू येत नाही. शिवाय कृष्णेचा पूर. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, हे सांगलीकराला सांगायची गरज नाही. 2005, 2019 आणि 2021 चं पाणी कोणत्या गोदामात कुठवर आलं होतं हे भिंतीवरच्या डागांवरून कळतं. ते डाग पाहून घ्या. भिंतीचा खालचा भाग अजून ओल धरत असेल तर गाद्या, लाकडी स्टेज आणि वायरी यांची तशी सोय करावी लागेल.

जागा बघायला जाताना

दिवसा एकदा आणि मैफलीच्या वेळेला एकदा, असं दोनदा जा. दिवसा शांत वाटणाऱ्या गल्लीत संध्याकाळी शेजारची पिठाची गिरणी सुरू होते, ट्रक रिव्हर्स घेतात, छताच्या कैचीवर, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यावर, पारवे येऊन बसतात.

मालकाला पहिला प्रश्न विचारा: शेवटची धुरी कधी दिली? साठवलेल्या मालाला कीड लागू नये म्हणून अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या वापरतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि तो जीवघेणा आहे. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर आत पाऊल टाकू नका. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असंही समजू नका. धुरीची तारीख आणि त्यानंतर गोदाम किती दिवस उघडं ठेवलं हे लिहून घ्या. कोपऱ्यात राखाडी भुकटी दिसली तर ती कार्यकर्त्यांकडून झाडून घेऊ नका. ज्याने धुरी दिली त्यालाच बोलवा.

दुसरा प्रश्न, आधी इथे काय ठेवत होतात? हळदीचा वास राहतो, पण तो निभावून जातो. मिरचीचं गोदाम असेल तर नम्रपणे नकार द्या. फरशीच्या फटीत आणि भिंतीच्या खडबडीत गिलाव्यात बसलेली मिरचीची धूळ पंखे लावले की वर येते आणि पहिल्या आलापातच गवयाला ठसका लागतो. हळदीचं गोदामही कोरड्या झाडूने झाडू नका, व्हॅक्यूम लावा, मग ओल्या फडक्याने फरशी पुसा. हे काम आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करा म्हणजे उडालेली धूळ खाली बसते आणि एकदा पुन्हा पुसता येते.

तिसरं, वर बघा. जुन्या शेडवर बऱ्याचदा सिमेंटचे पत्रे असतात आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यांना भोक पाडायचं नाही, घासायचं नाही, फुटका तुकडा हाताने तोडायचा नाही. पत्रे अखंड असतील तर त्यांच्याखाली बसायला हरकत नाही. लोखंडी कैचीला दिवे किंवा स्पीकर टांगायचा मोह होतो. पत्र्याचं आणि वाऱ्याचं वजन धरून ती कैची बनवलेली असते, त्यात तुमचं वजन धरलेलं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून लेखी दिल्याशिवाय काहीही टांगू नका. सगळं जमिनीवरच्या स्टँडवर उभं करा.

मार्केट यार्डातल्या गोदामांना ट्रकच्या पाट्याच्या उंचीचा धक्का, म्हणजे माल चढवा-उतरवायचा ओटा, असतो. दिवसा तो सोयीचा वाटतो. रात्री मध्यंतराला चहा घ्यायला अंधारात बाहेर आलेला ज्येष्ठ रसिक त्यावरून खाली पडू शकतो. तिथे दोर, दिवा आणि उभा माणूस, तिन्ही हवेत.

टाळी वाजवून बघा

मोकळ्या गोदामाच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत घड्याळ बघा. आपल्याकडे याला ‘आवाज फिरतो’ म्हणतात. किती फिरतो याचा हिशोब कागदावर करता येतो. सॅबिनचं सूत्र सोपं आहे: जागेचं घनफळ गुणिले 0.161, भागिले आवाज शोषणारं एकूण क्षेत्रफळ. उत्तर सेकंदात येतं.

समजा गोदाम 100 फूट लांब, 50 फूट रुंद, 23 फूट उंच आहे, म्हणजे ढोबळमानाने 30 बाय 15 बाय 7 मीटर. घनफळ 3150 घनमीटर. फरशी, भिंती, छत मिळून पृष्ठभाग 1530 चौरस मीटर. गिलावा, शहाबादी फरशी, पत्रा हे सगळे मिळून सरासरी जेमतेम 5 टक्के आवाज शोषतात असं धरलं तर शोषण 76 चौरस मीटरच्या आसपास. उत्तर येतं साडेसहा सेकंद. द्रुत तानेत सेकंदाला सात-आठ स्वर येतात. म्हणजे पहिला स्वर विरायच्या आत त्यावर पुढचे चाळीस-पन्नास स्वर चढलेले असतील. ती तान कुणाच्या कानाला लागेल? किराणा घराण्याचा संथ आलाप अशा जागेत सुंदर वाटेल, पण तबला सुरू झाला की सगळा चिखल.

आता त्यात 250 माणसं बसवा. बसलेला माणूस साधारण 0.45 चौरस मीटर शोषण देतो. बेरीज 188 च्या आसपास जाते आणि साडेसहाचे पावणेतीन सेकंद होतात. तिकीट न काढता आलेला माणूसही ध्वनीच्या दृष्टीने फायद्याचा असतो, हे खजिनदाराला सांगू नका. त्यावर 160 चौरस मीटर जाड पडदा चुण्या घालून लावला आणि तो निम्मा आवाज शोषतो असं धरलं, तर आणखी 80. उत्तर दोन सेकंदांच्या किंचित खाली. ख्यालासाठी दीड सेकंद मिळाला तर उत्तम. एवढ्या मोठ्या गोदामात दोनच्या खाली आलात तरी काम भागतं, लहान गोदाम मिळालं तर आणखी सोपं. म्हणून दोन जागांमधून निवडायची असेल तर कमी उंचीची निवडा. उंची वाढली की घनफळ वाढतं, आणि उंचावरच्या भिंतीला पडदा लावणं महाग आणि धोक्याचं.

पडद्याबाबत दोन गोष्टी. ताणून सपाट लावलेलं कापड फारसं काही करत नाही; भिंतीच्या लांबीच्या दुप्पट कापड घेऊन चुण्या पाडा. आणि भिंतीला चिकटवू नका, वीतभर अंतर सोडा, म्हणजे खर्जाकडचा आवाजही थोडा दबतो. सगळीकडे लावण्याइतके पैसे नसतील तर स्टेजसमोरच्या, म्हणजे श्रोत्यांच्या पाठीमागच्या भिंतीला आधी लावा. गाणाऱ्याकडे परत येणारा आवाज तिथूनच उलटतो.

आणि एक गोष्ट जी फक्त आपल्याच गावात फुकट मिळते: भरलेली पोती. मालकाचा शिल्लक माल असेल तर मागच्या भिंतीलगत कमरेइतकी थप्पी लावायला सांगा. बारदान आणि आतला माल मिळून आवाज छान पितात. कमरेइतकीच का, तर बैठकीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असतो, भिंतीचा तेवढाच भाग आधी शांत व्हायला हवा. त्याहून उंच थप्पी अजिबात नको, ती कलली तर माणसं खाली सापडतात. थप्पी हमालांकडूनच लावून घ्या. हौशी कार्यकर्त्यांनी लावलेली थप्पी आणि हमालाने लावलेली थप्पी यात फरक असतो.

स्टेज कुठे

लांबट गोदामात सगळे जण आखूड भिंतीला स्टेज बांधतात, कारण नाट्यगृहात तसं असतं. मी म्हणेन लांब भिंतीच्या मधोमध बांधा आणि श्रोते अर्धवर्तुळात बसवा. 30 मीटर लांबीच्या टोकाला बसलेल्याला गवयाच्या चेहऱ्यावरचं काही दिसत नाही. आडव्या मांडणीत बहुतेक लोक 10-12 मीटरच्या आत येतात. जवळ आले की आवाज कमी लागतो, आवाज कमी लागला की शेड कमी घुमते. मधे खांबांची रांग असेल तर मात्र हे जमणार नाही. मग आखूड बाजूच घ्या, आणि मागच्या तिसऱ्या भागासाठी वेगळे छोटे स्पीकर ठेवून त्यांना विलंब द्या, म्हणजे त्यांचा आवाज स्टेजवरून येणाऱ्या आवाजाबरोबरच पोचतो. आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो, म्हणजे 20 मीटरवरच्या स्पीकरला 58 मिलिसेकंद. साउंडवाल्याला एवढा आकडा सांगितला की तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

आग

इथे घाई नको. वर मी कापड लावा म्हटलं, आणि कापड पेटतं. या दोन गोष्टी एकत्र सांभाळणं हाच या कामाचा अवघड भाग आहे.

28-29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबना आग लागली आणि 14 जण गेले. बरेच जण धुराने स्वच्छतागृहात गुदमरले. त्याआधी 2003 मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका नाइट क्लबमध्ये आवाज शोषायला भिंतीवर लावलेल्या फोमने आतषबाजीची ठिणगी पकडली आणि 100 माणसं मेली. तेव्हा स्टुडिओत दिसतो तसा खड्ड्या-खड्ड्यांचा स्वस्त फोम कितीही मोहात पाडो, आणू नका. थर्माकोल नको, मांडवाचं झिरझिरीत पॉलिस्टर नको. जाड सुती कापड घ्या आणि त्याला अग्निरोधक द्रावण लावून घ्या. कपड्याची एक पट्टी बाहेर नेऊन काडी लावून बघा. काडी विझवल्यावर ती स्वतः विझली पाहिजे.

मग आपली खास पद्धत: दीपप्रज्वलन. समई नेमकी पडद्यापुढे, फुलांच्या माळांमध्ये, पाहुण्यांच्या पदरांच्या उंचीला. ती स्टेजच्या पुढच्या कोपऱ्यात घ्या, पडद्यापासून निदान सहा फूट लांब, आणि कार्यक्रम सुरू होताच कुणीतरी तिच्याजवळ बसा. उदबत्ती आणि कापूर गोदामात नकोच.

बाहेर पडायच्या वाटा निदान दोन, आणि समोरासमोरच्या टोकांना. शटर म्हणजे दार नव्हे. दोन्ही शटर श्रोते यायच्या आधी पूर्ण वर करून कुलूप किंवा खुंटी घालून अडकवा, ते रात्रभर उघडेच राहतील. आवाज बाहेर जातो म्हणून अर्धं ओढलेलं शटर हे संकट आहे; हवं तर तिथे जाड पडदा सोडा, पण दोन भागांत, हाताने बाजूला होणारा. मागच्या शटरसमोर ट्रक लागत नाही ना, हे मैफल सुरू झाल्यावरही दर अर्ध्या तासाने एकाने जाऊन बघायचं.

चपला हा विषय मी कुठल्या मार्गदर्शक पुस्तिकेत पाहिलेला नाही, पण बैठकीच्या मैफलीत सर्वांत मोठा अडथळा तोच असतो. अडीचशे माणसांचे पाचशे जोडे नव्हेत, अडीचशेच जोडे, पण दारातच पसरलेले. धावणारा माणूस त्यावर घसरून पडतो आणि मागचे त्याच्यावर. दाराबाहेर बाजूला फळ्यांची मांडणी करा आणि तिथे एक माणूस बसवा. बैठकीच्या मधे चार फुटांची मोकळी वाट पट्टी मारून ठेवा. ‘दाटीवाटीने बसा, अजून मंडळी येताहेत’ ही घोषणा करायची नाही. निवेदकाने सुरुवातीला दोन्ही वाटा हात करून दाखवायच्या. लोक थोडं हसतील, हसू देत.

खुर्च्या ज्येष्ठांसाठी कडेने, दाराजवळच्या बाजूला, पण वाटेत नाही. ड्राय पावडरची अग्निशामक नळकांडी दोन्ही दारांशी आणि कार्बन डायऑक्साइडचं मिक्सरजवळ. कोण ते चालवणार त्याचं नाव ठरवा आणि त्याने आधी एकदा हातात धरून बघितलेलं असू द्या.

परवानग्या आणि वीज

मालकाचं संमतीपत्र, पोलीस ठाण्यातली परवानगी, ध्वनिक्षेपकाचा परवाना, महापालिकेच्या अग्निशमन विभागाचा दाखला. अर्ज तीन-चार आठवडे आधी टाका. 2000 सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, पण झरोके आणि उघडी शटर असलेल्या शेडला बंदिस्त म्हणायला शेजारी तयार होणार नाहीत. साडेसहाला सुरू करा, पावणेदहाला भैरवी. निवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबल, व्यापारी भागात 65, औद्योगिक भागात 75. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या शेडला याचा फायदा मिळतो, पण तिथे रात्री परतायला रिक्षा मिळत नाही. सिनेमाची गाणी होणार असतील तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना वेगळा.

गोदामाची वीजजोडणी चार बल्बपुरती असते आणि वायरिंग कधीचं असेल सांगता येत नाही. त्यावर साउंड चढवू नका. जनरेटर आणा, तो शेडबाहेर 100 फुटांवर, वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला ठेवा. आत किंवा दारात कधीही नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता मारतो. अर्थिंग नीट करा, ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. स्पीकरमधून सतत गुंई ऐकू येत असेल तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो.

साउंडवाला आणि गवई

आपल्याकडच्या साउंडवाल्यांचा हात गणेशोत्सवात घडलेला असतो. माणसं कष्टाळू, सामान भरपूर, पण ‘आवाज कमी ठेवा’ हे त्यांना अपमानासारखं वाटतं. स्पष्ट सांगा: बासचे डबे गाडीतच राहू देत. दोन लहान टॉप, म्हणजे बास सोडून बाकीचा आवाज देणारे स्पीकर, पुरेत, कानाच्या उंचीवर, श्रोत्यांकडे किंचित झुकवलेले, म्हणजे आवाज पत्र्याकडे न जाता अंगावर पडतो. गायकाच्या माइकला 100 हर्ट्झच्या खालचं कापून टाका. डग्गा शेडमध्ये आपोआप घुमतो, त्याला मदत लागत नाही. मागच्या ओळीत फोनवरच्या मीटरने 80-85 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

रिकाम्या शेडमध्ये केलेली साउंड चाचणी फसवी असते. माणसं आल्यावर शेड निम्म्याहून कमी घुमते, त्यामुळे दुपारी जो आवाज बोजड वाटला तो रात्री कोरडा वाटेल. चाचणीत फक्त वाद्यांचं एकमेकांशी प्रमाण ठरवा. एकूण आवाज पहिल्या दहा मिनिटांत, प्रेक्षकांत बसून ठरवायचा.

तंबोरे मिरजेहून येत असतील, आणि सांगलीत ते दुसरीकडून कशाला येतील, तर तास-दीड तास आधी शेडमध्ये आणून झाकून ठेवा. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं हे वाद्य भोपळ्याचं आणि लाकडाचं आहे, संध्याकाळी गारवा उतरायला लागला की तारा हलतात. पंख्याचा झोत तंबोऱ्यावर आणि गायकाच्या गळ्यावर नको. गवयाला आधीच सांगा की ही शेड आहे. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत, उरुसाला उघड्यावर गाऊन गेलेल्या कलाकाराला जागेचं भय नसतं. त्याला फक्त खरं सांगितलेलं हवं असतं. तो जागा ओळखून लय थोडी मागे घेतो, तानांमध्ये थोडी मोकळी जागा सोडतो. काही जण दोन स्वर लावून बघतात आणि राग बदलतात. त्यासाठी त्यांना रिकाम्या हॉलमध्ये वीस मिनिटं एकटं सोडा, फोटोवाल्यांशिवाय.

मध्यंतर

गोदामात एखादंच स्वच्छतागृह असतं आणि ते हमालांच्या सोयीचं. महिलांसाठी वेगळी फिरती स्वच्छतागृहं भाड्याने आणा, दिवा आणि पाण्यासह; यात काटकसर केली तर पुढच्या वेळी निम्मे श्रोते येणार नाहीत. चहा बाहेर. भडंग द्यायचं असेल तर तेही बाहेर आणि मध्यंतरातच. विलंबित एकतालात कुणाच्या तोंडात कुरमुरे वाजले की तबलजी समेवर बघतो ते त्या माणसाकडे.

परत देताना

रात्रीच सगळं उतरवू नका. दमलेली माणसं अंधारात शिडीवर चढून पडदे काढतात आणि पडतात. जनरेटर बंद, गाद्या उचलल्या, एक माणूस राखणीला, एवढं पुरे. बाकी सकाळी. मात्र हमाल यायच्या आधी फरशीवरून चुंबक फिरवा. टाचण्या, स्टेपलच्या पिना, तारेचे तुकडे, घड्याळाचे सेल यातलं काहीही मालात गेलं तर तो खाण्याचा माल आहे. पोत्यांची मोजणी आधी केली होती तशीच मालकासमोर पुन्हा करा आणि त्याची सही घ्या. पुढच्या वर्षीची तारीख त्याच वेळी विचारून टाका, म्हणजे सौद्यांच्या गडबडीत तो विसरण्याआधी वहीत नोंद होते.